दिसेनासा झालेला तांबडा तारा

अक्का रफूचं काम करायची. शालीला, कोटाला पडलेलं भोक अशा बेमालूम हाताने बुजवायची की मालकालाही ते शोधून सापडू नये. हे काम वडिलांनी शिकवलेलं. पन्नाशीत त्यांचे डोळे गेले. आधी लाल रंग फिका पडला, मग बाकीचे. आता अक्काचीही पन्नाशी आली होती आणि तिला धास्ती होती ती एवढ्या एकाच गोष्टीची.

त्या थंडीत संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना एक तांबूस तारा तिच्या नजरेत भरला. रोज ती घटकाभर त्याच्याकडे बघत उभी राहायची. पण आठवड्यागणिक तो मंदावत गेला, आणि एका संध्याकाळी दिसेनाच. आजूबाजूचे पांढरे तारे जागच्या जागी होते. तांबडा तेवढा गायब! वडिलांचाही आधी लालच रंग गेला होता.

नवऱ्याला तिने ताकास तूर लागू दिली नाही. लाल कापड आलं की "हात दुखतोय" म्हणून परत पाठवायची. झोप तर उडालीच होती.

"काही बिनसलंय का तुझं?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय धाड भरलीये?"

शेवटी मनाचा हिय्या करून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी थेंब घातले, तपासलं, रंगांच्या चकत्या ओळखायला लावल्या.

"डोळे ठणठणीत आहेत. जवळचा नंबर जरा वाढलाय, इतकंच."

"मग तो तारा का दिसत नाही?" अक्काला रडूच फुटलं. वडिलांपासूनचं सगळं तिने सांगून टाकलं.

तारा आकाशात नेमका कुठे दिसायचा, ते बाईंनी खोदून खोदून विचारलं आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, तो मलाही दिसत नाहीये! मला आकाश बघायचा नाद आहे. त्याला मीरा म्हणतात. म्हातारा तारा आहे. इतका फुगलाय की सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी पोटात घेईल."

"म्हणजे म्हातारपणी अंग सुटलंय म्हणा की!"

"अगदी! आणि तो आकुंचन पावतो, पुन्हा फुगतो. मुळातच सूर्यापेक्षा थंड, म्हणून तांबडा. फुगून आणखी थंड झाला की त्याचा बराचसा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. वर्षभराच्या आत परत उजळेल."

अक्काचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भडकलाच. "एवढं एकटीने सोसलंस? मी काय मेलो होतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर दोघंही रडत बसलो असतो."

बोलता बोलताच तिचा डोळा लागला. भर दुपारी कुणीतरी फाटका कोट घेऊन दारात आलं. नवऱ्याने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "उद्या या. आज ती झोपलीये."