पाण्याला विचारणारे साहेब

“आता पाण्याला विचारू,” असं म्हणून ते हात मागे बांधून उभे राहायचे. नव्या पाइपलाइनचे कागद कितीही चोख असोत, दाबाने पाणी भरून गळती नाही हे पाहिल्याशिवाय त्यांची सही मिळत नसे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा खडूस साहेब असेलच. आमचे हे जपानी होते, सौदीतल्या जिझानजवळच्या रिफायनरीतले.

घरी ते आणि त्यांची बायको जुन्या जपानी पद्धतीने बायबलातली चित्रं छापत. ती जाड कागदाचा साचा कापायची. साहेब त्यातून तांदळाची खळ कागदावर लावायचे, वरून रंग द्यायचे आणि वाळल्यावर धुऊन काढायचे. खळ असे तिथे कागद पांढरा राही.

“कापणं तिचं, धुणं माझं,” ते सांगत.

येशूच्या शेवटच्या भोजनाचा साचा कापून झाला आणि ती आजारपणात गेली. त्यात सगळे चटईवर बसलेले, पुढे अख्खा मासा आणि भाताचे वाडगे.

“तिथे तर भाकरी होती ना?” मी विचारलं.

“तिने आमच्या घरचं वाढलं.”

साहेबांचं कंत्राट संपत आलं होतं. हे चित्र त्यांना तिच्या गावच्या चर्चला द्यायचं होतं, आणि नेमकं जपानहून आणलेलं खळीचं पीठ संपलं. “तांदूळ ना? माझ्यावर सोडा,” म्हणून मी बाजारातला सगळ्यात भारी बासमती दळून नेला. पाणी पडताच चेहरे रंगात वाहून गेले. साच्याची कडही फाटली. तो फार तर आणखी एकदा चालला असता.

“पाणी नाही म्हणालं,” साहेब हळूच बोलले. मला फार वाईट वाटलं.

घरी बायको उखडलीच. “अहो, बासमती मोकळा होतो म्हणून आपण मिरवतो. खळ चिकटायला नको का?” तिने इगतपुरीहून आणलेला इंद्रायणी काढला, धाकटीच्या मऊ भातासाठी जपलेला.

“मम्मी, दॅट्स माय राइस!” धाकटी ओरडली.

शुक्रवारी आम्ही नवराबायको साहेबांच्या न्हाणीघराच्या दारात उभे होतो. त्यांनी पाणी सोडलं. रंग उतरत गेला आणि एकेक चेहरा दिसू लागला, येशूचा सगळ्यात शेवटी. साहेबांनी आपल्या बायकोचं नाव घेतलं. ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ते चित्र घेऊन साहेब फायनल एक्झिटवर, सौदी कायमची सोडून गेले, ते गेलेच. बिघडलेला कागद मी मागून घेतला होता. तो आमच्या जेवणाच्या टेबलामागे लावलाय. त्यात एकही चेहरा ओळखू येत नाही. जिथे खळ जाड बसली होती, ते वाडग्यांतले भात मात्र स्वच्छ पांढरे उतरलेत.

ताटं वाढताना बायको कधीतरी तिकडे बघते. “तिने कुणालाच उपाशी ठेवलं नाही हो,” म्हणते.