साहेबांनी बोडीचं विचारलं

मी ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालो. आता कुठं सत्काराला बोलावलं की कोणीतरी हमखास विचारतो, धानाच्या चिखलातला पोरगा एवढा वर चढला कसा? त्याला वाटतं मी जिद्द, शिस्त, देशसेवा असं काही सांगेन. मी सांगतो, बोडीमुळे. मग तो माझ्या तोंडाकडे पाहत राहतो आणि मला भारी मजा येते.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि धान वाळायला लागलं की सोडायचं. नवेगावचा बांध पाहायला लांबून लोक येतात, बोडीकडे कोण ढुंकून पाहतो? पण आमचं पोट बोडीवर. आमची पाच घरांत मिळून एक होती. तिच्या पाण्यावरून वर्षभर आमच्यात डोकेफोड चाले, आणि पाळ खचली की तीच पाच घरं कुदळी घेऊन एकत्र धावत.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा आमचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं. मी गोंदियाला शाळा शिकलो, नागपूरला कॉलेज केलं, तिथं परेड शिकलो आणि डोक्यात एकच खूळ बसलं, फौजेत अफसर व्हायचं. घरी मी एकुलता पोरगा. दोन बैलजोड्या, एक बाबांची, एक माझी. बाबा म्हणाले, शिकला तेवढं पुरे, आता नांगर धर. मी घर डोक्यावर घेतलं. ताट ढकललं, मायला रडवलं, आल्यागेल्याशी भांडलो. फौजेचं बोलावणं आलं तेव्हा तर मी त्यांच्यासमोर उभाच राहिलो, म्हटलं, आज काय ते सांगाच.

बाबांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "जाय. एकदा पाहून घे. घेतलं त घेतलं. नाई घेतलं त मंग फौजेचं नाव काढाचं नाई, गुमान बांधीत उतराचं." मी हाव म्हटलं. म्हणजे एकच डाव होता माझा. हरलो तर जन्मभर बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला चिखल.

छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं मी निवड व्हायची त्या छावणीच्या गावी पोचलो. तिथं आम्हाला पळवलं, दोरावर चढवलं, ओंडके उचलून नाल्यापार न्यायला लावलं. मला तर जत्रेत आल्यासारखं झालं! ओंडके काय, आम्ही जन्मापासून तेच करून राहिलो होतो. धाक होता तो फक्त मुलाखतीचा. माझं इंग्रजी पुस्तकातलं. वाचलं की कळे, कानावर पडलं की अर्धं उडून जाई. बाकीची पोरं आपसांत फाडफाड इंग्रजी बोलत आणि मी उगाच हसत मान हलवी.

मुलाखतीला समोर भरघोस मिशांचे एक कर्नलसाहेब आणि बाजूला दोघे अफसर. साहेबांनी आधी गावाचं विचारलं. कोणतं पीक, रोवणा कधी, कापणी कधी. मी जोरात होतो, जमेल त्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मग साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अंगानं मी तेव्हा चांगला दणकट होतो. त्यांनी विचारलं, "हाऊ डू यू लुक आफ्टर युअर बॉडी?"

मला ऐकू आलं, बोडी. खरं सांगतो, मला आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं. एवढा मोठा साहेब, कुठल्या मुलखातला, आणि त्याला आमची बोडी ठाऊक!

मी सुटलोच. म्हटलं, साहेब, दर उन्हाळ्यात आम्ही ती खणतो, आतला गाळ काढतो आणि शेतात टाकतो. साहेबांच्या भुवया वर गेल्या. एकटाच करतोस का, त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, पाच घरांत मिळून एकच आहे, आज्याच्या वेळेपासून तीच चालते. बाजूच्या एका अफसरानं खोकल्याचं सोंग केलं. मी म्हटलं, जुनी आहे म्हणून गळते कुठं कुठं, पण चिकणमाती थापली की थांबते, आणि आत मासेही चांगले होतात. तेव्हा मात्र तिघंही टेबलावर हात आपटून हसायला लागले.

माझं डोकं सणकलं. राग तेव्हाही माझ्या नाकावरच असे, आताचं बायकोला विचारा. मी ताडकन म्हटलं, साहेब, हसता काय, ती फुटली तर पाच घरं उपाशी मरतात. कर्नलसाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, बोडी म्हणजे काय ते नीट सांग. मी बोटानं टेबलावर पाळ काढून दाखवली, आणि दाखवता दाखवता मला उमगलं. बॉडी! अरे देवा. कानापर्यंत लाल झालो. मनात म्हटलं, संपलं, चला आता नांगर धरायला.

पण साहेब आता हसत नव्हते. त्यांनी विचारलं, खरंच कधी फुटली का? म्हटलं, मागच्या भादव्यात. पाचही घरची माणसं पाळीवर उभी आणि पाचही हुकूम सोडत होती. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, कोणी ऐकेना. मग मी भगदाडात उडी टाकली आणि धारेला पाठ लावून उभा राहिलो. तेव्हा एकेक जण खाली उतरला, आणि मग मी म्हणेन तिथं माती टाकू लागला.

"आधी का ऐकलं नाही तुझं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, वर उभं राहून ओरडणाऱ्याचं कोण ऐकतो?"

साहेबांनी मला जायला सांगितलं. दुपारी आम्हाला मैदानात रांगेत उभं करून निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचले. माझा नंबर आला आणि 'येस सर' म्हणायचं सोडून मी बोंबललो, "हाव!" सगळं मैदान हसलं. हसू दे म्हटलं, बाप्पा, आज काय वाटेल ते हसा.

परतताना मला गाडीत बसवेना. दारात उभा राहूनच आलो, ओळख ना पाळख, प्रत्येकाला सांगत आलो. स्टेशनावरून पळतच सुटलो आणि घरी न जाता थेट बांधीवर गेलो. बाबा चिखलणी करत होते. माझी जोडी आंब्याखाली बांधलेली होती. मी लांबूनच ओरडलो, बाबा, घेतलं मले! चिखलात उभा राहून त्यांना सलाम ठोकून दाखवला. बोडीचा किस्सा सांगितला, तेव्हा बाबा खदखदून हसले. एवढे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी बैल थांबवले आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टेकले.

"मले वाटलं होतं, तुले घेणार नाईत," ते म्हणाले. "म्हणून त जाय म्हणलं होतं."

ते उठले, म्हणाले, पण बोललो त बोललो, तू जाय. मी घाईघाईनं आंब्याकडे गेलो, माझी जोडी सोडली आणि कासरा धरला. निदान आजचा दिवस तरी त्यांच्याबरोबर नांगर धरावा, दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा मागून आले आणि त्यांनी कासरा माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे बाबू," ते म्हणाले. "मले आता सवय करा लागन."