मंदारच्या गाडीचं सस्पेन्शन

वॉटफर्ड ग्रुपमधल्या बायांनो, दुपारपासून डोकं ठणकतंय.

आमच्या मंदारने सुटे भाग मागवून गॅरेजमध्ये दोन सीटची गाडी जोडायला घेतलीय. "रविवारी पोरीला फिरवायला, आई," म्हणतो. आज तिचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, घ्यायला आम्ही दोघं गेलो.

गुजराती दुकानदार सगळ्यात कडक सेटच पुढे करत होता. मला संशय आला. बाहेर त्याची स्वतःची गाडी उभी होती, तिचा कोपरा मी हाताने दाबला. मऊ खाली गेला, वर आला.

आत येऊन विचारलं, "तुझ्या गाडीला मऊ आणि आम्हाला दगड का रे?"

"आंटी, मी रस्त्यावर चालवतो. तुमचा मुलगा रेसच्या ट्रॅकवर नेणार म्हणाला, तिथे कडकच लागतं."

मंदार खोक्यावरचं लेबल वाचायला लागला. मी उगाच दुकानदारावर डोळे वटारत होते.

"पोरीला नेणार होतास तिथे?"

"नाही गं, एकटाच."

"आणि आपटलास तर पोरीने कुणाकडे बघायचं?"

मऊ सेट घेऊन आलो. ट्रॅकचं बुकिंग रद्द केलं म्हणतो, पण फोन दाखवत नाही. सूनबाई सहाला कामावरून येते. सांगू का तिला? लवकर बोला, साडेपाच झालेत.