हिरव्या काठाचा कप

डिलाईल रोडच्या चाळीत कौसल्या आणि तिची सासू गंगुबाई यांचं भांडण मीराबाईने दाराबाहेर उभं राहून ऐकलं. ऐकायला आली नव्हती ती. चहाला बोलावलं म्हणून आली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस, आणि भांडण एका कपाचं.

"मोर्च्यात तिच्याच लोट्यातलं पाणी प्यायले मी, आये," कौसल्या म्हणत होती. "मेले का?"

"मोर्चा रस्त्यावरचा. हे माझं घर," गंगुबाई म्हणाली.

चहा आला तो हिरव्या काठाच्या, कान तुटलेल्या कपात. तो तिच्यासाठी वेगळा, खिडकीत ठेवायचा. मीराबाईने उंबऱ्याबाहेर बसून चहा घेतला, कप विसळून खिडकीत पालथा घातला. नुकताच तिने बौद्ध धर्म घेतला होता. धर्म बदलला, कप तोच राहिला.

मीराबाई पलीकडच्या चाळीतली, तुकडीचं, म्हणजे चिनीमातीच्या तुकड्यांच्या नक्षीचं काम करणारी. इराण्याच्या हॉटेलातल्या फुटक्या कपबश्या आणायच्या, धुवायच्या, हातोडीने बारीक करून ओल्या सिमेंटात बसवायच्या. कुणाकुणाच्या घरचं फुटकं तिच्या हाताखाली नक्षी होऊन जाई. नियम एकच: एका कपाचे दोन तुकडे शेजारी बसवायचे नाहीत. नजर तिथेच अडकते, म्हणायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली गंगुबाईच्या चाळीने नळाच्या ओट्याला तुकडी करायचं ठरवलं. प्रत्येक खोलीने आपलं फुटकं द्यायचं. गंगुबाईने टोपलीभर दिलं, सुनेने काय काय फोडलं ते सगळ्यांना ऐकवत. तो कप मात्र खिडकीतच. मीराबाईला तो तिथून गेलेला हवा होता. पण मागायचा नाही, हेही तिचं ठरलेलं. मागून मिळालं, तर काय मिळालं?

कामाच्या शेवटच्या दिवशी वीतभर जागा उरली आणि टोपल्या रिकाम्या. मीराबाई सिमेंट कालवून नुसती बसून राहिली. बायका बघत होत्या. गंगुबाई आत गेली आणि कप घेऊन आली.

"हा चालेल?"

"चालेल. पण फोडून द्या. तुमच्या हाताने."

गंगुबाईचा पहिला घाव नुसताच टेकला. दुसऱ्याला कप फुटला.

सकाळचं काम अजून ओलं होतं. त्यातले इतरांचे तुकडे काढून मीराबाईने रिकाम्या जागेत बसवले, आणि त्यांच्या जागी हिरवा काठ सगळ्यांच्यात विखरून दिला.

आता चहा कशात द्यायचा, हा गंगुबाईपुढे प्रश्न. घरातल्याच कपात आणला. पिऊन मीराबाई सवयीने विसळायला उठली, तर गंगुबाई म्हणाली, "ठेव तिथे. नाहीतर ही कौसल्या दिवसभर करणार काय?"

पुढे कित्येक वर्षं मीराबाई आपले तुकडे त्याच नळावर धुवायची. तिच्या आयुष्याचा शेवटचा दिवसही तसाच. इराण्याकडून पिशवी आणली, तुकडे धुतले, पोतं पसरून पांढरे, निळे, फुलाफुलांचे वेगळे ढीग लावले. मग गंगुबाईकडे आत बसून चहा घेतला, कप तिथेच ठेवला आणि घरी गेली.