एका अपघाताची माफी

वत्सलाबाई गाडी चालवायला शिकल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. साल १९९५. विंचूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स, घर नाशिकला पंचवटीत. रोजच्या एसटीने कंबर धरली, तेव्हा त्यांनी जुनी मारुती घेतली. घरात गाडी चालवणाऱ्या त्या एकट्याच. यादवराव, म्हणजे त्यांचे पती, शेजारी बसून दाराची कडी घट्ट धरायचे.

पुढे चौदा वर्षं गाडीवर ओरखडा नाही. विम्याचा क्लेम कधी केला नाही, म्हणून हप्त्यात निम्मी सूट मिळायची. त्या सुटीचा वत्सलाबाईंना पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान होता.

विमा त्यांचा धाकटा भाऊ दीपक बघायचा. बाप गेल्यावर त्याला वत्सलाबाईंनीच शिकवलेलं. तो एजंट झाला तेव्हा पहिली पॉलिसी ताईची. तो बोट ठेवील तिथे त्या सही करायच्या.

२००९ च्या एप्रिलमध्ये दीपक म्हणाला, “ताई, नवीन सोय आलीय. थोडं जास्त भरायचं. वर्षात एक क्लेम केला तरी तुझी सूट जात नाही. समज, एक अपघात माफ.”

“हिने आजवर कुणाच्या सायकलला धक्का लावला नाही,” यादवराव म्हणाले. “कशाला पाहिजे?”

वत्सलाबाईंनी विचार केला. संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी हल्ली डोळे दिपायचे. रस्त्यावर वाहनंही किती वाढलेली! आणि सांगतोय कोण, तर आपला दीपक. त्यांनी पैसे भरले.

मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं पुण्याला गेली. गाडीची किल्ली दीपककडे राहिली.

नोव्हेंबरात निफाडच्या अलीकडे, पहाटेच्या धुक्यात, रस्त्यात उभी उसाची ट्रॉली त्यांना दिसलीच नाही. ब्रेक दाबला, तरी गाडी जाऊन आदळली. त्या बचावल्या, गाडीचं तोंड मात्र पार चेपलं.

दीपक फोनवर म्हणाला, “क्लेम नको करूस ताई. किती कटकट असते!”

“अरे, मग त्या माफीचे पैसे कशाला भरले?”

“बघतो,” म्हणाला, आणि मग फोन उचलेना.

गॅरेजवाला बारकू गाडीभोवती फिरला. “बाई, पुढचं सगळं बदलावं लागेल. उजवं दार मात्र चांगलं हाय. उन्हाळ्यातच नवीन टाकलं ना.”

“कुठलं दार?”

बारकू गोंधळला. “दीपकभाऊंनी आणली व्हती की! खांबाला घासली म्हणाले. क्लेममधीच केलं.”

वत्सलाबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. सहा महिने त्या दाराने त्या आत-बाहेर करत होत्या. हाताने कसं ओळखलं नाही, याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं. रडू नंतर आलं, रिक्षात.

दीपक घरीच सापडला.

“माझी सही?”

“तूच केलेली. एप्रिलमधे, बाकीच्या कागदांबरोबर, कोऱ्या क्लेमफॉर्मवर.” तो चपला बघत बोलत होता. “ताई, तू कधी ठोकणार होतीस? ती माफी वायाच जायची. म्हटलं, घरातलीच आहे.”

“मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का रे?”

दीपकची बायको आतून चहा घेऊन आली. वत्सलाबाई तो न घेताच उठल्या.

त्यांनी स्वतः विमा कंपनीत जाऊन दुसरा क्लेम केला. गाडी दुरुस्त झाली, सूट गेली. यादवराव म्हणाले, “धाकटा आहे, सोडून दे.” त्या म्हणाल्या, “दाराचं कधीच सोडलं. पण सहा महिने माझ्याच घरी येऊन जेवत होता तो.”

पुढच्या एप्रिलला त्यांनी नवा एजंट धरला, भिकन नावाचा. सगळे कागद वाचून मग सही केली. शेवटी विचारलं, “ते एक अपघात माफवालं घ्यावं का?”

“सूटच उरली नाही बाई, तर वाचवायचं काय? दोन-तीन वर्षं नीट चालवा, मग घ्या. तुम्ही एकट्याच चालवता ना?”

“हो,” वत्सलाबाई म्हणाल्या, “आता एकटीच.”