कडू घास आणि शेवटचं पान

मोहोड सर गेल्याचा फोन अकोल्याला आला तेव्हा मी कणीक मळत होते. अमरावतीहून अविनाश बोलत होता, माझा कॉलेजचा वर्गमित्र. "सर गेले. तू ये. घरी थांबाले कोनी बाई मानूस नाई." मी हात धुतले आणि मिळेल ती गाडी धरली. आता महिना उलटून गेला, पण परातीत तशीच राहिलेली ती कणीक मला उगाच आठवत राहते.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे, आणि त्यातही जीव ओतून एकच गोष्ट, चारशे वर्षांपूर्वीच्या शोकांतिका. तेही अस्सल वऱ्हाडीत! पुण्याहून आलेल्या एका मॅडमना वाटायचं, हे वर्गात भांडतात की काय. "त्या लोकायले वाटे, देवापासून दगडापावतर सारी एकच साखळी हाय. राजानं आपली कडी तोडली का वरतं आभाळ बी हालते. आन् मानूस मधातच उभा, अर्धा देव, अर्धा जनावर. म्हनून त्याचं पडनं मोठं." नायक मेला की आम्ही पुस्तकं मिटायचो. एकदा मी विचारलं, सर, नायक मेल्यावर हे एक पान आणखी कशाला? कोण्या दुसऱ्याच सरदारानं येऊन प्रेतं उचलायला सांगायची, राज्य सांभाळायचं... त्याच्यावर प्रश्नसुद्धा येत नाही.

सर चिडले नाहीत. "काहून वं, तुह्या घरी मयत झाली तं मसनातून आल्यावर काय करता?"

"शेजारचे पिठलं-भाकर आणतात. कडू घास."

"तेच हे पान होय. साखळी तुटली होती, ते पुन्हा जोडली. उरलेल्यानं घास घ्याचा आन् उठाचं."

ते वाक्य मी पुढं अकोल्याच्या कॉलेजात शिकवताना मुलांच्या वीस तुकड्यांना ऐकवलं म्हटलं तरी चालेल. टाळ्या मिळाल्या. सरांचं श्रेय मी कधी लपवलं नाही.

मग सरांचा एकुलता एक मुलगा, प्रणव, गेला. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यातून मोटारसायकलवर घरी येत होता, मागून ट्रक आला. सरांच्या बाई आधीच गेलेल्या. त्या संध्याकाळी शेजारच्या वानखडेकाकूंनी डबा आणला. सरांनी ताट हातानं बाजूला सारलं. कोणी आग्रह केला नाही, करवलाच नाही.

नंतर कितीतरी दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा ते आपणहून बोलले. "त्यायच्या नाटकात मरनाले कारन असे. कोनाचा लोभ, कोनाचा संशय. माह्या पोरानं काय केलं होतं वं? कोनतं आभाळ हाललं? दुसऱ्या दिवशी दूधवाला बी टायमावर आला." मग ते पुढं म्हणाले, "आन् ते शेवटचं पान... मी तुमाले खोटं शिकवलं. त्या काळच्या रंगमंचाले पुढं पडदाच नव्हता. मेलेले नट उठून कसे जातीन? म्हनून कोनी तरी येऊन उचलाचं. बस, एवढीच गोष्ट." मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांच्यावर नाही. कोणावर ते अजून कळलेलं नाही.

सरांना मसनात न्यायला अविनाश आणि आमच्याच वर्गातली जुनी मुलं होती. ती मसनातून परस्पर आपापल्या घरी गेली. मी झाडून, दिवा लावून बसले. काकू डबा घेऊन आल्या, दारातच थबकल्या. "देऊ कोनाले? घरचं कोन हाय?"

कोणी नव्हतं. सरदारसुद्धा नव्हता.

"तुमीच घ्या बाई. कोनी तं घेतलाच पायजे."

मी घास घेतला. गिळला. सर म्हणायचे तसं काहीतरी जुळेल म्हणून वाट पाहिली. पिठलं थोडं खारट होतं, बाकी काही झालं नाही. उठले ते फक्त गाडी चुकेल म्हणून.

या सत्रात ते पान आलं तेव्हा मी नुसतं वाचून दाखवलं. काही सांगितलं नाही. काकूंचा डबा माझ्यासोबतच अकोल्याला आला; तो ओट्यावर आहे, घासून पालथा घातलेला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. त्यात काय घालून द्यावं, ते मला सुचत नाही.