सटवाजीचे चार वाण

कळमनुरीच्या अलीकडं एका वाडीत सटवाजी राहतो. त्याच्यापाशी बकऱ्यांचा कळप आहे, थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि माणसं ओळखायचा नाद आहे. पहिल्या दोन्हींवर घर चालतं. तिसऱ्यापायी लेक घरात बसून राहायची वेळ आली होती.

हा नाद काही जन्माचा नाही. मागं एकदा समाजमंदिरात शहरातला कुणी साहेब येऊन पडद्यावर चित्रं दाखवत बोलला. माणूस शहाणा कसा होतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, असं त्याचं म्हणणं. कुणी ऐकून शिकतो, कुणी पाहून, कुणी चार जणांना पुसून, तर कुणी वाचून. सटवाजी बायकोला, गोजरबाईला घेऊन गेला होता चहाच्या आशेनं, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की रुजली. बियाण्याला वाण असतो, मग माणसाला काहून नसावा? घरी येईस्तोवर त्यानं चारही वाणांना नावं देऊन टाकली: ऐक्या, पाह्या, पुश्या आणि वाच्या.

मग काय, गावात कुणाची सुटका नाही. दुकानदार माणिकराव पाह्या, कारण तराजू सोडून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाहतो. शेजारची पंचफुलाबाई पुश्या, कारण ‘काय भाजी केली’ असं पुसत पुसत अख्ख्या गल्लीची भांडणं गोळा करून आणते.

पंचफुलाबाई काय ऐकून घेणार? ती म्हणाली, “अन् तू रं सटवाजी? तू कोणत्या वाणाचा?”

“मी वाण वळखणारा. शेतकरी काय सोताला पेरून घेतो व्हय?”

इथवर हसण्यावारी चाललं. पण कोमलसाठी स्थळं यायला लागली आणि सटवाजीनं हेच शास्त्र लेकीच्या लग्नाला लावलं. पोहे खाताना माणूस कळत नाही, सगळेच खाली मान घालून खातात, असं म्हणून तो येईल त्या पोराला कळमनुरीच्या बाजारात न्यायचा. बकऱ्यांच्या ओळीपुढं उभा करायचा आणि म्हणायचा, “यातली एक निवड.”

साखरा गावच्या भागवतनं बकरीचं तोंड उघडून दात पाहिले, पाठ दाबली आणि झ्याक बकरी काढली. सटवाजी घरी येऊन म्हणाला, “पाह्या. कुणाला एका शब्दानं पुसलं न्हाई. असा माणूस उद्या बायकोचं ऐकंल?” भागवत नापास.

सोमेश्वरनं मालकाला पुसलं, शेजारच्याला पुसलं, चहावाल्याला पुसलं. “याला सोताचं डोकं न्हाई.” सोमेश्वर नापास. एक जण बकरीपुढं उभा राहून मोबाईलमधे बकरीची माहिती वाचून राहिला, तोवर बकरी विकून गेली. चौथ्यानं बकऱ्या विकणाऱ्या हेड्याची गोड गोड बडबड ऐकून दात पडलेली म्हातारी बकरी पसंत केली. तो खराच नापास व्हायच्या लायकीचा होता, त्याच्याबद्दल कुणाचं म्हणणं नाही.

गोजरबाईनं कपाळाला हात लावला. “चारी वाण झाले नापास. आता पोरगी कुणाला देता, बोकडाला?”

बातमी गावोगाव गेली. ‘तिथं पोरगी पाहायला जाऊ नका, बकरी घ्यायला लावतात,’ असं पोरांच्या आया म्हणू लागल्या. स्थळं यायची बंद झाली. कोमल बापाशी बोलेना. भाकर वाढायची ती ताटात आपटून.

अशात वसमतकडचा शिवहार आला. हळदवाल्या घरचा. सटवाजीला हुरूप आला. सोयऱ्यांना ओसरीवर बसवून तो पोराला घेऊन बाजारात गेला.

शिवहारनं बकऱ्यांकडं पाहिलं आणि म्हणाला, “मामा, मला यातलं काही कळत न्हाई.”

“पाह्य तरी.”

“पाहून बी कळणार न्हाई.”

“मग पूस कुणाला.”

“कशापायी? मला कुठं घ्यायची हाय?”

“मोबाईल हाय ना खिशात?”

“हाय की. पण मी पोरगी पाहायला आलो, मामा. तिला बोलू द्या.”

भोवतीची माणसं खो खो हसली. परतताना सटवाजी आपल्या चारही वाणांत पोराला घालून पाहत होता, पण कुठंच बसेना.

घरी बाजारातली गंमत ऐकून कोमलनं सरळच विचारलं, “तुमाला आणखी काय काय कळत न्हाई?”

“लई. भाकर थापता येत न्हाई. अन् कुणी मनात ठेवून बसलं तर मला उमगत न्हाई. बराबर तोंडानं सांगावं लागतं.”

“मग तोंडानंच सांगते. मला बकऱ्या सोडवत न्हाईत. दोन संगं आणीन.”

“आणा की. त्यांचं तुमी पाहा, हळदीचं मी पाहीन.”

आत गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला. सटवाजी तिला चुलीपाशी गाठून कुजबुजला, “हा कोणत्याच वाणात बसून न्हाई राहिला. काय करू?”

“आवं, त्या साहेबानं शेवटी काय सांगितलं व्हतं? एकाच माणसात चारी असत्यात. कुणाला एका खुंट्याला बांधू नका, म्हणला. पर तुमी तवा चहा आला म्हणून उठून गेलता.”

सटवाजी चुलीतल्या विस्तवाकडं पाहत राहिला. नापास करायचं म्हटलं तर काही नाव तर द्यावं लागतं, अन् नाव सुचेना. बाहेर सोयरे खाकरत होते. दारात कोमल उभी होती, बापाच्या तोंडाकडं बघत. लई दिवसांनी बघत होती.

तो ओसरीवर आला आणि म्हणाला, “पोरगा पसंत हाय.”

सुपारीला गल्ली जमली. पंचफुलाबाई पुढं सरसावलीच. “का रं सटवाजी, ह्यो कोणता म्हणायचा?”

“ह्यो नवा वाण हाय. साहेबाला बी ठाऊक न्हाई. मी काढला.”

“नाव काय त्याचं?”

“जावई,” सटवाजी म्हणाला आणि त्यानं अडकित्ता मागितला.